शब्द एकच, मान वेगळा

२०२३ सालच्या गणपतीतली गोष्ट. ठाकुर्लीला नाइन्टी फीट रोडवरच्या आमच्या सोसायटीत दरवर्षीप्रमाणे मुलांचे कार्यक्रम बसवायचे चालले होते. माझी बारा वर्षांची नात संध्याकाळी धावत वर आली आणि म्हणाली, "आजी, मी लावणी करणार आहे. तुझी नऊवारी दे ना!" मी गौरीच्या फराळाच्या करंज्यांना मुरड घालत बसले होते. हातातली करंजी तशीच राहिली आणि तोंडून शब्द गेले, "काही नको. कलावंतीण व्हायचंय का तुला?"

सूनबाई कढईपाशी उभी होती. तिचा झारा थबकला. नात मात्र रागावली नाही. हल्लीच्या मुलांना रागावण्याआधी प्रश्न पडतात. ती म्हणाली, "कलावंतीण म्हणजे काय गं? जिला कला येते ती ना? मग तू ओरडतेस कशाला?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरे तर ते वाक्यही माझे नव्हते. चौपन्न वर्षांपूर्वी, इथून हाकेच्या अंतरावर, रुळांच्या पलीकडे, माझ्या आईने ते मला ऐकवले होते.

माझे बालपण ठाकुर्लीच्या बावनचाळीत गेले. रेल्वेची वसाहत. वडील, म्हणजे आमचे अण्णा, चोळ्याच्या पॉवर हाऊसमध्ये पाळीवर काम करीत. त्या पॉवर हाऊसच्या धुराड्यांवरून आम्ही मुले घरची दिशा ओळखायचो. अण्णा मूळचे वाई तालुक्यातले. माणूस अबोल, पण दाढी करताना गुणगुणायचे. आरशासमोर गालाला साबण लावलेला, मान किंचित कललेली आणि ओठांत कुठलीतरी लावणी. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज जरा मोठा झाला, की गुणगुणणे बंद.

पगार झाल्यानंतरच्या शनिवारी अण्णा घरी नसत. "जरा लालबागला जाऊन येतो," एवढेच सांगत. लालबागला आमचे कोणी नातेवाईक नव्हते. तिथे हनुमान थिएटर होते. गिरणगावातला कामगार दिवसभर साच्यावर उभा राहून रात्री तिथे तमाशाला बसायचा. त्यात वाई-साताऱ्याकडची, नगर-पुण्याकडची माणसे पुष्कळ. आमचे अण्णा ठाकुर्लीहून स्लो लोकलने चिंचपोकळीला उतरून त्यांच्यात जाऊन बसत आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीने परतत. दाराची कडी वाजेपर्यंत आई जागी असे. दार उघडी आणि एक शब्द न बोलता अंथरुणावर जाऊन पडे. दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या डब्यातले पगाराचे पैसे मोजताना मात्र तिचे ओठ हलत. एकदा मी जवळ होते, म्हणून ऐकू आले. "त्या कलावंतिणींच्या पायी..." पुढचे वाक्य तिने गिळले.

१९६९ साली चाळीच्या गणपतीत मी नाचले. आमच्याकडे रेडिओ नव्हता. पण शेजारी होता आणि त्यावर सुलोचना चव्हाणांच्या लावण्या लागत. मी बारा वर्षांची. शेजारच्या काकूंनी हौसेने नऊवारी नेसवली, कपाळावर चंद्रकोर रेखली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा मागे खांबाला टेकून उभे होते आणि हसत होते. मी खाली उतरले, तशी आईने दंड धरून मला अंधारात नेले आणि तेच वाक्य ऐकवले. मारले नाही. मारले असते, तर कदाचित विसरले असते. त्यानंतर मी कधी नाचले नाही. लग्नात नाही, मंगळागौरीला नाही, मुलाच्या वरातीत नाही. लोक म्हणत, हिला आवड नाही. मीही तसेच म्हणू लागले.

असो. २०२३ साली नातीने लावणीऐवजी कोळीगीत केले आणि तो विषय घरापुरता मिटला. माझ्यापुरता मिटला नव्हता. तिचा प्रश्न तसाच उभा होता आणि त्याचे उत्तर मला फार लांब, जपानमध्ये मिळायचे होते.

एप्रिल २०२४ मध्ये मी लेकीकडे टोकियोला गेले. ती राहते त्या निशी-कासाई भागात आपल्याकडची इतकी कुटुंबे आहेत, की पहिले दोन दिवस मला डोंबिवली सोडल्यासारखेच वाटले नाही. मग लेक मला क्योतोला घेऊन गेली. "आई, गेइशांचा नाच दाखवते तुला," असे ती म्हणाली, तेव्हा मी जरा संकोचलेच. गेइशांबद्दल मी जे काही ऐकले होते, ते सिनेमांतून आणि कुजबुजीतून. लेकीबरोबर बसून बघण्यासारखे ते असेल, असे वाटत नव्हते.

क्योतोच्या गिओन भागात एक नाट्यगृह आहे. एप्रिल महिन्यात तिथे 'मियाको ओदोरी' नावाचा नृत्योत्सव होतो. बाहेर लाल कंदिलांच्या रांगा. आत गेले आणि आधी प्रेक्षकांकडेच बघत राहिले. म्हाताऱ्या बायका होत्या, सुना होत्या, आजीचा हात धरून आलेल्या मुली होत्या. आपल्याकडे बालगंधर्वांच्या नाटकाला असेच लोक सहकुटुंब येत असतील. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी पिशवीतून गोळी काढून मला दिली. भाषा येत नसली, तरी आजीला आजी ओळखता येते.

मग दोन्ही बाजूंच्या वाटांवरून निळ्या किमोनोतल्या मुली रंगमंचाकडे येऊ लागल्या. हातांत पंखे. एका बाजूला शामिसेन, म्हणजे त्यांचे तीन तारांचे वाद्य, घेऊन बसलेल्या स्त्रिया. दुसऱ्या बाजूला ढोल आणि बासरीवाल्या. वाजवणाऱ्या, गाणाऱ्या, नाचणाऱ्या सगळ्या बायकाच. तासाभरात त्यांनी चार ऋतू डोळ्यांसमोरून नेले. मध्ये पडदा पडत नाही. चेहरा जवळजवळ हलत नाही. दुःख दाखवायचे तर मान किंचित झुकते, बाहीचे टोक डोळ्यांपाशी जाते, बस्स. पाऊल जमिनीवरून असे सरकते, की पाणी वाहावे. मी थक्क झाले. एवढी मिजास नाही, आणि एवढी अदब!

बाहेर आल्यावर चहा घेताना मी लेकीला विचारले, "गेइशा म्हणजे नक्की काय गं?"

ती म्हणाली, "अगं, सोपं आहे. 'गेइ' म्हणजे कला, 'शा' म्हणजे व्यक्ती. जिच्यापाशी कला आहे ती. क्योतोत त्यांना गेइको म्हणतात."

कप माझ्या हातात तसाच राहिला. कला आहे जिच्यापाशी ती. कलावंतीण! अक्षरशः तोच शब्द. एका भाषेत तो शहराच्या नाट्यगृहावर कंदील लावून मिरवतो आणि दुसऱ्या भाषेत आई लेकीचा दंड धरून अंधारात उच्चारते. शब्दाचा अर्थ एकच असताना मान एवढा वेगळा कसा झाला?

परतल्यावर मी वाचत सुटले. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि मला आता कारणही होते.

गंमत अशी, की पहिले गेइशा पुरुष होते. मेजवान्यांत ढोल वाजवून, विनोद करून पाहुण्यांना रिझवणारे. स्त्रिया गेइशा म्हणून दिसू लागल्या त्या अठराव्या शतकाच्या मध्याला, आणि पुढे त्यांनी पुरुषांना मागे टाकले. आपल्या तमाशाचे तसेच आहे. पेशवाईतल्या तमाशात बाई नव्हती. नाच्या पोऱ्या बाईचे सोंग घेऊन नाचे. बाई आली ती नंतर. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा आणि तिच्याबरोबर रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, ही जोडी तमाशाच्या इतिहासात अजरामर झाली. बापूरावांनी ब्राह्मण्य सोडून फड जवळ केला. १९४५ साली पुण्यात त्यांचा शेवट झाला तो हलाखीत.

लावणी रचणारे मात्र सगळ्या जातींचे, आणि त्यांचे नाव आदराने घेतले जाते. सोलापूरचे रामजोशी, संगमनेरचे अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ. शाळेच्या पुस्तकात त्यांचे धडे असतात. पंढरपूरला तर रुक्मिणीमातेचे पुजारी असलेल्या उत्पात घराण्यातले ज्ञानोबा उत्पात लावणी शिकवीत. लावणी लिहिणाऱ्याला आपण शाहीर म्हटले, शिकवणाऱ्याला गुरू म्हटले. गाणारीला काय म्हटले, ते माझ्या आईच्या तोंडून मी ऐकलेच होते.

क्योतोत आज गेइकोंच्या पाच वस्त्या आहेत. तिथली मुलगी साधारण पंधराव्या वर्षी, शाळेचा सक्तीचा अभ्यास संपल्यावर, एखाद्या घरात दाखल होते. घराच्या मालकिणीला 'ओकासान' म्हणायचे, म्हणजे आई. सुरुवातीला वर्षभर घरकाम आणि निरीक्षण. मग ती 'माइको' होते, म्हणजे शिकाऊ. नाच, गाणे, शामिसेन, चहा देण्याची रीत, बोलण्याची रीत, दार सरकवायची रीत, सगळे शिकायचे. माइको स्वतःच्याच केसांचा अंबाडा घालते आणि तो मोडू नये म्हणून उंच उशीवर मान टेकवून झोपते. पाचेक वर्षांनी तिची लाल कॉलर जाऊन पांढरी येते आणि ती गेइको होते. गिओनमध्ये या मुलींसाठी रीतसर शाळा आहे. तिथल्या नृत्याच्या इनोउए घराण्याच्या चौथ्या याचियो यांना जपान सरकारने १९५५ साली 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून गौरवले, आणि पाचव्या याचियो यांना २०१५ साली.

आता आपल्याकडे बघा. चौफुला, मोडनिंब, जामखेड, सणसवाडी. महामार्गावरून गाडी जाते तेव्हा कलाकेंद्राच्या पाट्या दिसतात आणि आपण मुलांचे लक्ष दुसरीकडे वेधतो. तिथे 'संगीत बारी' चालते. बारी म्हणजे पाळी. एका थिएटरात अनेक पार्ट्या असतात आणि त्या पाळीपाळीने कला सादर करतात. पार्टीची मालकीण बाईच. घरात आई, मावशी, बहिणी, भाच्या. पेटी, ढोलकी, तबला. कुटुंब बायकांच्या कमाईवर चालते आणि जी नाचते तिचे लग्न होत नाही. क्योतोच्या त्या घरातही 'आई' असते, बहिणी असतात आणि गेइकोने लग्न केले तर तिला पेशा सोडावा लागतो. सात समुद्रांपलीकडे इतके साम्य असावे, याचे नवल वाटते.

कलेतही साम्य आहे, पण ते उलट्या बाजूने. गेइकोचा चेहरा स्थिर आणि अंग बोलते. बैठकीच्या लावणीत अंग बसलेले आणि चेहरा बोलतो. मी ती पहिल्यांदा पाहिली, ती जपानहून परतल्यावर, 'संगीत बारी' याच नावाच्या रंगमंचीय प्रयोगात. सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांनी पारंपरिक कलावतींना घेऊन तो उभा केला आहे. कोरगावकरांचे त्याच नावाचे पुस्तक २०१४ साली आले. शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या कलावती त्यातून शहरी प्रेक्षकांपुढे आल्या. लावणी म्हणजे उड्या आणि शिट्ट्या, अशी माझी समजूत. इथे लय संथ. बाई बसलेली. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी तिचा अर्थ बदलतो. एकदा रुसवा, एकदा चेष्टा, एकदा विनवणी, एकदा नुसता थकवा. यालाच 'अदा' म्हणतात. शब्द तेच, डोळा, भुवई, पदराचे टोक आणि बोटांची टोके यांनी सारे सांगायचे. माझ्या मनात आले, आमचे अण्णा लालबागला जाऊन हेच बघत असतील का?

या कलेतले सर्वांत मोठे नाव यमुनाबाई वाईकरांचे. जन्म १९१५ चा, वाईचा. कोल्हाटी समाजातल्या गरीब घरातली मुलगी, आईबरोबर गावोगाव फिरून पोट भरणारी. पुढे 'यमुना-हिरा-तारा वाईकर' या नावाने त्यांची पार्टी गाजली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली, वयाच्या एकशेतिसाव्या वर्षात असताना त्या गेल्या, असे लिहिण्याची चूक माझ्या हातून होता होता राहिली. वय होते एकशे दोन. पण इतक्या दीर्घ आयुष्याला वर्षे मोजताना हिशेब चुकावा, असाच तो प्रवास होता. अण्णा क्वचित कधी चाळीतल्या मित्रांत बोलताना म्हणत, "यमुनाबाई? आमच्या वाईच्या त्या!" गावातल्या गणपतीबद्दल बोलावे, तसा त्यांचा आवाज येई. आई तेव्हा आत असे.

वाचकांपैकी कोणाला वाटेल, की मी जपानचे गोडवे गायला बसले आहे. तसे नाही. गेइशांच्या इतिहासात अंधार पुष्कळ आहे. गरीब आईबाप कर्जापोटी मुलींना या घरांत देत आणि ते कर्ज फेडता फेडता मुलीची उमर जाई. शिकाऊ मुलीच्या कौमार्याची बोली लागे. आपल्याकडे कोल्हाटी समाजात 'चिरा उतरवणे' म्हणत, ते वेगळे नव्हते. आजही तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. माइकोंना अल्पवयात दारू पाजली जाते, असा जाहीर आरोप एका माजी माइकोने २०२२ साली केला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. संख्याही घटली. १९२० च्या दशकात देशभरात ऐंशी हजारांच्या आसपास गेइशा होत्या, असे सांगतात. आता त्या हजाराच्या घरात उरल्या आहेत. उरलेल्यांच्या मागे कॅमेरे घेऊन पर्यटक धावतात. त्यांचा त्रास इतका वाढला, की २०१९ पासून गिओनच्या खासगी गल्ल्यांत विनापरवाना छायाचित्र काढल्यास दहा हजार येन दंडाच्या पाट्या लागल्या. मी स्वतः त्या पाहिल्या.

मग फरक कुठे पडला? मला दोन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट १८७२ सालची. सम्राट आणि राजदरबार टोकियोला गेला आणि हजार वर्षांची राजधानी क्योतो पोरकी झाली. शहर सावरायला तिथे प्रदर्शन भरवले गेले आणि त्यात नाचायला गिओनच्या गेइकोंना बोलावले. तीच पहिली मियाको ओदोरी. शहर अडचणीत असताना शहराने कलावंतिणींना पुढे उभे केले, ही आमची शान आहे म्हणून. त्याच वर्षी कर्जात बांधलेल्या गेइशा आणि वेश्या यांना मुक्त करणारा सरकारी हुकूम निघाला. तो पुरता अमलात आला नाही हे खरे, पण सुरुवात झाली. दुसरी गोष्ट युद्धानंतरची. वेश्याव्यवसायबंदीचा कायदा १९५८ साली पूर्ण अमलात आला आणि गेइशाचा पेशा कायद्याने त्यापासून निराळा ठरला. मुलगी येईल ती शाळा संपवून आणि स्वतःच्या इच्छेने, हे रूढ होत गेले. कला राहिली आणि कलावंतिणीला शाळा, रंगमंच आणि वर्षातला एक महिना मिळाला.

आपण काय केले? स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांताच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे अटी घालून ती उठवली. लावणीची भाषा सुधारा, असे सांगितले गेले. गाणारीच्या आयुष्याचे काय, हे त्या मानाने थोड्यांनी विचारले. मग सिनेमा आला, लावणी घराघरांत पोचली. सुलोचनाबाईंना आचार्य अत्र्यांनी 'लावणीसम्राज्ञी' म्हटले. अंगभर पदर घेऊन, माइकसमोर उभे राहून त्या गात, म्हणून त्यांचा आवाज आमच्या चाळीतही चालला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षअखेरीस त्या गेल्या. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या काळी आमच्या चाळीने जो हिशेब केला, तो आता उमगतो. लावणी हवी होती. लावणीवाली नको होती.

तिचे काय होत होते, ते १९९४ साली एका मुलाने सांगितले. 'कोल्हाट्याचं पोर' हे किशोर शांताबाई काळे यांचे आत्मकथन. तमाशात नाचणाऱ्या आईचा मुलगा, शिकून डॉक्टर झाला. बापाचे नाव लावता येत नाही म्हणून आईचे नाव लावले आणि ते पुस्तकावर छापले. २००७ साली अपघातात त्यांचा अकाली मृत्यू झाला. ते पुस्तक मी तेव्हा वाचले नव्हते. 'तसल्या' लोकांचे म्हणून बाजूला ठेवले होते. आता वाचले आणि दोन दिवस घरात कोणाशी नीट बोलले नाही.

गोव्यातल्या कलावंत समाजाची वाट आणखी निराळी. देवळांशी बांधलेला, गाण्याबजावण्यावर जगणारा हा समाज. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या थोर गायिका त्यातल्या. त्या समाजाने शिक्षणाची कास धरली, संघटना केली आणि 'गोमंतक मराठा समाज' हे नाव घेतले. जुने नाव टाकावेसे वाटले, यातच सगळे आले. मानाने जगायचे तर त्या शब्दाच्या बाहेर पडणे भाग होते. केसरबाईंची भैरवी मात्र १९७७ साली 'व्हॉयेजर' यानावरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली. पृथ्वीची ओळख म्हणून माणसाने जे आवाज पाठवले, त्यांत एका कलावंतिणीचा आवाज आहे. तिकडे कोणी ऐकलाच, तर तो तिची जात विचारणार नाही.

इतके सगळे वाचून झाल्यावर मी पुन्हा आईपाशी आले. आई जाऊन आता वीस वर्षे झाली. तिला दोष देऊन मोकळे व्हावे, असे आधी वाटले होते. पण तो न्याय नव्हे. पगाराच्या शनिवारी घरातून जे पैसे जात, त्यांतून माझ्या भावाचे बूट यायचे असत. शेवटच्या गाडीची वाट बघत अंधारात बसणारी ती होती. तिचा राग खरा होता आणि तो अण्णांवर होता. पण नवऱ्याला बोलायची सोय तिच्या पिढीला नव्हती. म्हणून तो राग, जिला तिने उभ्या आयुष्यात पाहिले नाही, अशा एका बाईवर गेला आणि तिथून माझ्यावर. लालबागच्या त्या बाईनेही कदाचित त्याच पैशांतून तिच्या मुलाचे बूट घेतले असतील. दोघी एकमेकींना भेटल्या असत्या, तर बोलायला पुष्कळ होते. दोघींच्या मध्ये उभा होता तो माणूस हसतमुखाने घरी यायचा आणि त्याच्यासाठी मराठीत एकही शिवी नव्हती. 'रसिक' म्हणत त्याला.

अण्णांवर माझी माया होती आणि आहे. त्यांनी मला लावणीचा कान दिला. पण मला अंधारात नेले त्या रात्री खांबाला टेकून उभे असलेले अण्णा पुढे आले नाहीत, "पोर चांगली नाचली," असे म्हणाले नाहीत, हेही आता मला दिसते. कलेवर प्रेम करणे सोपे असते. कलावंतिणीच्या बाजूने उभे राहायला चाळीसमोर यावे लागते.

हनुमान थिएटर आता नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, गिरणी कामगार गेला, त्याच्याबरोबर त्याचे तमाशेही गेले. चोळ्याचे पॉवर हाऊस केव्हाच बंद पडले. बावनचाळीची रया गेली. २०२० च्या टाळेबंदीत कलाकेंद्रेही बंद होती आणि तिथल्या बायकांचे हाल झाले. त्या वेळी आम्ही इथे गच्चीवर उभ्या राहून टाळ्या वाजवत होतो. त्यांच्यासाठी नव्हेत, हे सांगायला नको.

२०२४ च्या गणपतीत सोसायटीत पुन्हा मुलांचे कार्यक्रम ठरू लागले. नातीने या वेळी काही विचारले नाही. मीच ट्रंकेतून माझी हिरवी नऊवारी काढली. तिला म्हटले, "मागच्या वर्षी तू एक प्रश्न विचारला होतास. उत्तर द्यायला वर्ष लागलं." मग तिला सगळे सांगितले. क्योतोचे, वाईचे, लालबागचे आणि पत्र्याच्या डब्यातल्या पैशांचेही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला किती सांगावे, असे सूनबाईच्या चेहऱ्यावर दिसले. पण तिने अडवले नाही. एक अट मात्र मी घातली. नाचण्याआधी माइकवर सांगायचे, की ही लावणी आपल्यापर्यंत कोणी आणली.

नात मंचावर गेली. छोट्या कागदावरून तिने वाचले, की यमुनाबाई वाईकर नावाच्या एक मोठ्या कलावंतीण होत्या. खाली बसलेल्या दोन-तीन जणी एकमेकींकडे बघून चुळबुळल्या. आमच्या मजल्यावरच्या एक बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "अहो, मुलीला सांगा, 'कलावंत' म्हण म्हणावं. चुकून भलताच शब्द आला."

मी म्हटले, "चुकून नाही आला. मीच लिहून दिलाय."

मग ढोलकी सुरू झाली. काचा मारताना माझ्या हाताला सवय नव्हती, त्यामुळे तो जरा सैल होता. पण तिने सावरून घेतले.